मुक्या चिपला बोलते करणारी विद्या

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पिशोर येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)





संस्थेने मला विषय दिला तो 'विज्ञान आणि आपली मुले' हा. विषय फार मोठा आहे आणि वेळ थोडा. म्हणून या विषयाचा एक अगदी लहान कोपरा मी निवडला आहे. तुमच्या खिशातील मोबाइलमधून आवाज येतो तो कसा, आणि तो यावा म्हणून कोणी काय लिहून ठेवलेले असते, एवढेच मी सांगणार आहे. हा कोपरा निवडण्याचे कारण आपल्या बाजारपेठेतच आहे. कन्नड, पिशोर, करंजखेड या भागात मोबाइल दुरुस्तीचे दुकान नाही असा चौक आता क्वचितच सापडेल. तेथे आपल्यापैकीच कोणाची तरी मुले बसलेली असतात. त्यांचे हात कुशल आहेत. दहावी झाली की, "आता पुढे शिकून काय करायचे? मुलगा कमावता झाला," असे पालक म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एका खऱ्या उदाहरणाने द्यावे, असे मला वाटते.

प्रथम आवाजाविषयी थोडे सांगतो.

आवाज म्हणजे हवेचे कंपन. यंत्राला कंपन साठविता येत नाही, त्याला फक्त आकडे साठविता येतात. म्हणून मायक्रोफोनमधून आलेल्या विजेच्या चढउताराची मोजणी करून त्याचे आकडे करावे लागतात. ही मोजणी सावकाश करून चालत नाही. गाण्याच्या सीडीसाठी एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजणी होते, मोबाइलमध्ये बहुधा ४८,००० वेळा. सीडीचा हिशेब पाहा. प्रत्येक मोजणीला १६ बिट, डावा आणि उजवा असे दोन आवाज, म्हणजे एका सेकंदाला १४,११,२०० बिट झाले. आकड्यांचा पुन्हा आवाज करावयाचा असेल तर हीच क्रिया उलट करावी लागते. ही दोन्ही कामे एक छोटी चिप करते. तिला 'कोडेक' असे म्हणतात. नखाएवढ्या या चिपमध्ये मायक्रोफोनकडून येणारी वाट, स्पीकरकडे जाणारी वाट, हेडफोनची वाट आणि या सर्वांवर लहान लहान बटणे असतात.

परंतु ही बटणे बोटाने दाबावयाची नसतात. चिपमध्ये 'रजिस्टर' नावाचे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक आकडा लिहावयाचा असतो. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहिला म्हणजे काय होते, हे चिप बनविणारी कंपनी एका पुस्तिकेत छापते. तिला 'डेटाशीट' म्हणतात. १९९७ सालापासून संगणकांत सर्रास वापरल्या गेलेल्या 'एसी ९७' या पद्धतीचेच उदाहरण घ्या. तिच्यात मुख्य आवाजाचा एक कप्पा ठरलेला आहे. त्यात शून्य लिहिले की आवाज पूर्ण. आकडा एकेकाने वाढविला की आवाज दर वेळी दीड डेसिबलने खाली येतो, आणि ३१ लिहिले की साडेशेचाळीस डेसिबल खाली. याच कप्प्यातील शेवटचा, म्हणजे सोळावा बिट चालू असेल तर आवाज पूर्ण बंद. आणि मौज अशी की, वीज सुरू होते तेव्हा हा बिट आधीच चालू असतो. चिप जागी होते ती मुकीच. कोणीतरी येऊन तो एक बिट खाली करीपर्यंत तारा, वीज, स्पीकर सर्व काही ठीक असूनही तिच्यातून शब्द फुटत नाही.

हे 'कोणीतरी' म्हणजे ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे एस.टी. किंवा ट्रॅक्टर चालविणारा माणूस येतो. संगणकातील ड्रायव्हर हा अधिक करून दुभाष्या असतो. एका बाजूला गाणे लावणारा किंवा फोन करणारा प्रोग्राम असतो. त्याला चिपची भाषा येत नाही, तो फक्त "आवाज वाढव" असे म्हणतो. दुसऱ्या बाजूला चिप असते, तिला कप्पे आणि आकडे यांखेरीज काहीच कळत नाही. मधला दुभाष्या यंत्राच्या अगदी गाभ्यात बसलेला असतो. त्या गाभ्याला 'कर्नेल' म्हणतात. गाभ्यात बसल्यामुळे त्याची जबाबदारी मोठी असते. वरचा एखादा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो, परंतु गाभ्यातील ड्रायव्हर चुकला तर सबंध यंत्र थांबू शकते.

या दुभाष्याचे दुसरे काम शेतकऱ्याला लगेच समजेल असे आहे. विहिरीवरील मोटार कधी चालते, कधी बंद पडते, परंतु पाटात पाणी एकसारखे वाहावे म्हणून आपण मध्ये हौद बांधतो. आवाजाचेही तसेच आहे. मोबाइलला एकाच वेळी दहा कामे असतात, तर चिपला प्रत्येक क्षणी पुढचा आकडा हवाच असतो. म्हणून ड्रायव्हर स्मरणशक्तीत आकड्यांचा एक हौद बांधतो. प्रोग्राम तो भरतो, चिप तो उपसते. सेकंदाला ४८,००० नमुने लागत असतील आणि १,०२४ नमुन्यांचा एक हप्ता धरला, तर सेकंदाला जवळजवळ ४७ हप्ते वेळेवर पोहोचलेच पाहिजेत. एक चुकला की हौद कोरडा पडतो आणि आपल्याला 'खर्र' असा तुटका आवाज ऐकू येतो. हौद फार मोठा बांधावा तर फोनवर आपला शब्द पलीकडे उशिरा पोहोचतो, फार लहान बांधावा तर तो वारंवार कोरडा पडतो. किती मोठा बांधावा हे ठरविणे, यातच लिहिणाऱ्याचे शहाणपण असते.

आता आपल्याच राज्यातील एक उदाहरण सांगतो.

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैराट नावाची एक वस्ती आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली प्रत्येक मुलाला एक हिरवा-पांढरा लहानसा लॅपटॉप मिळाला. मुले होती वीस-बावीस. 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या नावाच्या अमेरिकेतील योजनेचा हा प्रयोग होता आणि भारतात जे सुरुवातीचे प्रयोग झाले त्यांपैकी तो एक. योजनेचे प्रवर्तक होते निकोलस नेग्रोपाँटी. लॅपटॉपचे नाव एक्सओ. त्याची किंमत शंभर डॉलर असावी असा संकल्प होता, प्रत्यक्षात ती १८८ डॉलरपर्यंत गेली. त्यात स्मरणशक्ती २५६ मेगाबाइट आणि साठवण १ गिगाबाइट, म्हणजे आजच्या साध्या मोबाइलपेक्षाही कितीतरी कमी. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनीही या शाळेकडे लक्ष दिले.

या लॅपटॉपमध्ये आवाजासाठी 'एडी १८८८' नावाचा कोडेक होता, आणि तो मघाशी सांगितलेल्या 'एसी ९७' पद्धतीचाच होता. परंतु ज्यांनी हा लॅपटॉप आखला त्यांनी मायक्रोफोनच्या भोकाला एक वेगळेच काम दिले. नेहमीच्या संगणकात हे भोक विजेचा फक्त हलता, खालीवर होणारा भाग आत घेते आणि स्थिर दाब बाहेरच अडविते. आवाजासाठी तेवढे पुरेसे असते. त्यामुळे टॉर्चमधील सेलचा स्थिर दाब त्या भोकाला दिसतच नाही. एक्सओमध्ये मात्र ही अडवणूक बाजूला करण्याची सोय होती. ती केली की, ठरलेल्या मर्यादेत, स्थिर दाबही मोजता येई. त्याचा अर्थ असा की, काही रुपयांचा उष्णता कळणारा किंवा प्रकाश कळणारा सुटा भाग दोन तारांनी त्या भोकाला जोडला तर तोच लॅपटॉप मोजमापाची प्रयोगशाळा होई. अद्रकीच्या वाफ्यातील मातीचे तापमान सकाळी आणि दुपारी किती बदलते, याचा आलेख चौथीतील मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकले असते. ज्या शाळेत काचेची एक परीक्षानळीही नसते, तेथे ही गोष्ट केवढी मोठी आहे!

परंतु चिपमध्ये आणि तारांमध्ये सोय असणे वेगळे आणि ती मुलाच्या हाती पडणे वेगळे. मध्ये दुभाष्या हवा. तो दुभाष्या एका छोट्या फाइलमध्ये आहे. लिनक्सच्या कर्नेलमध्ये या लॅपटॉपच्या आवाजासाठी सुमारे दोनशे ओळींची एक फाइल आहे. तिच्यात मुख्यत्वे तीन कामे केलेली दिसतात. चिपमधील गाळणी बंद करणे, म्हणजे स्थिर दाब गाळला जाणार नाही. वाट बदलण्याची विद्युत कळ फिरविणे. आणि मायक्रोफोनला लागणारी बारीक वीज चालू-बंद करणे.

या तिसऱ्या कामात एक सुंदर बारकावा आहे. लॅपटॉपवर मायक्रोफोनजवळ एक लहान दिवा होता. मायक्रोफोनला वीज मिळाली की तो लागे. आपला आवाज आता नोंदला जात आहे, हे मुलाला समजावे म्हणून. यास्तव नोंदणी संपताच ड्रायव्हर मायक्रोफोनची वीज आठवणीने बंद करतो, आणि त्यामुळे दिवा विझतो, असे त्या फाइलमध्ये लिहून ठेवले आहे. ती एक ओळ राहिली असती तर दिवा खोटे बोलला असता. लेकराच्या घरात यंत्र ऐकत आहे की नाही, ते खरे सांगण्याची जबाबदारी एका ओळीवर होती.

याच चिपवर आणखी एक गमतीचा प्रोग्राम चाले. दोन लॅपटॉप एकमेकांपासून दूर ठेवावयाचे. एकाने आवाज काढावयाचा, दुसऱ्याने तो ऐकावयाचा आणि मधला वेळ मोजून अंतर सांगावयाचे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर एका नमुन्याच्या काळात आवाज फक्त ७ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे ड्रायव्हरने आकडे न गाळता, न अडखळता दिले, तर आवाजाच्या चिपचा मोजपट्टीसारखा उपयोग होतो. नववीच्या पुस्तकात ध्वनीचा वेग असतो आणि आपण तो पाठ करतो. येथे तोच वेग कामाला लागलेला दिसतो.

आता हे लिहिले कोणी ते पाहू. माझ्या सांगण्याचा मुख्य मुद्दा येथे आहे.

या ड्रायव्हरच्या मूळ फाइलच्या माथ्यावर जया कुमार हे नाव आहे. त्याखाली स्पष्ट लिहिले आहे की, हे काम यारोस्लाव्ह किसेला आणि ताकाशी इवाई यांच्या नमुन्यांवरून केले आहे, आणि त्यासाठी एका मलेशियन कंपनीने खर्च दिला. किसेला हे चेक देशातील. त्यांनी एका विशिष्ट साउंड कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला आणि त्यातूनच १९९८ पासून 'आल्सा' ही लिनक्सची आवाजाची व्यवस्था उभी राहिली. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. इवाई हे जपानी. आल्साचा ड्रायव्हर कसा लिहावा याचे त्यांनी एक सबंध पुस्तकच लिहिले आणि ते सर्वांसाठी विनामूल्य ठेवले. लॅपटॉपच्या खास सोयीच्या फाइलवर २००६ सालासाठी जया कुमार यांचे आणि २००७-०८ साठी आंद्रेस सॅलोमन यांचे नाव आहे. ज्या लिनक्सवर हे सर्व उभे आहे त्याची घोषणा ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केली होती. त्याचे नाव लिनस टोरवाल्ड्स.

म्हणजे पाहा, चेक माणसाने पाया घातला, जपानी माणसाने तो शिकविला, मलेशियातील पैशाने त्यावर काम झाले, अमेरिकेतील योजनेने ते वापरले आणि कर्जतच्या डोंगरातील धनगरवाड्याच्या मुलांपर्यंत ते पोहोचले. यांतील कोणीही दुसऱ्यापासून आपली विद्या लपवून ठेवली नाही, आणि ज्याच्याकडून घेतली त्याचे नाव गाळले नाही. आपल्याकडे कारागिराच्या घरी उस्ताद शेवटची खुबी शागिर्दाला सांगत नसे अशी तक्रार ऐकू येते. येथे उस्तादाने सारी खुबी लिहून चौकात ठेवली आहे. ती पिशोरमधील मुलालाही वाचता येते. जात, जमात, गाव, बापाचा धंदा यांची विचारणा तेथे होत नाही. फक्त लिहिलेले बरोबर आहे की नाही एवढेच पाहिले जाते. मात्र ते कडकपणे पाहिले जाते. चुकीचे असेल तर काम परत येते, कारण सांगून परत येते.

लॅपटॉपचा तो प्रयोग आपल्या देशात पुढे वाढला नाही. यंत्रे काळाबरोबर जुनी होतात, मोडतात. परंतु ती दोनशे ओळींची फाइल आजही वाचावयास मिळते. दान मिळालेले यंत्र संपते, लिहून ठेवलेली विद्या संपत नाही, हे या उदाहरणाचे तात्पर्य होय.

आता मोबाइलकडे येऊ, कारण आपली मुले त्याच्याच दुकानात बसलेली आहेत. अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाइलच्या गाभ्यात लिनक्सचेच कर्नेल आहे. सुरुवातीस खिशातील यंत्रांसाठी आवाजाचे ड्रायव्हर लिहिताना एक गोंधळ होत असे. प्रत्येक यंत्राचा मुख्य प्रोसेसर वेगळा, म्हणून प्रत्येक जण कोडेकचा ड्रायव्हरही पुन्हा नव्याने लिही. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील वुल्फसन कंपनीच्या 'डब्ल्यूएम ८७३१' या एकाच कोडेकसाठी लिनक्समध्ये चार निरनिराळे ड्रायव्हर झाले होते. चार जणांनी तेच काम चार वेळा केले! यावर उपाय म्हणून २००७ साली कर्नेलमध्ये नवी मांडणी आली. तिच्यात कामाचे तीन भाग केले. कोडेकची माहिती एका ड्रायव्हरमध्ये, प्रोसेसरची दुसऱ्यात, आणि या विशिष्ट यंत्रात कोणती तार कोठे जोडली आहे एवढीच माहिती तिसऱ्यात. कोडेकचा ड्रायव्हर एकदा लिहिला की तो शंभर यंत्रांत चालतो.

याच मांडणीने बॅटरीचाही विचार केला. गाणे हेडफोनवर चालू असेल तर स्पीकरच्या वाटेला वीज कशाला? ड्रायव्हरकडे चिपमधील सर्व वाटांचा नकाशा असतो. आवाज ज्या वाटेने जात आहे तेवढ्याच वाटेवरील दिवे तो लावतो, बाकीचे विझवितो. आणि दिवे लावण्याचाही क्रम असतो. क्रम चुकला तर हेडफोनमध्ये 'टक्' असा धक्का बसतो. कोणते आधी, कोणते नंतर आणि मध्ये किती थांबावयाचे, हे डेटाशीट वाचल्याशिवाय कळत नाही.

दुकानातील आपला मुलगा काय करतो? तो स्पीकर बदलतो, चार्जिंगचा सॉकेट बदलतो, गरम हवेने चिप उचलून नवी बसवितो. हे काम हलके नाही, त्याला मी कमी लेखत नाही. परंतु चिपच्या पायापाशी त्याचे काम थांबते. पायाच्या आत काय चालले आहे, ते त्याच्यासाठी बंद दार आहे. त्या दाराची किल्ली हातात नाही, वाचनात आहे. डेटाशीट इंग्रजीत असते, पन्नास-शंभर पानांची असते, तिच्यात आलेख आणि कोष्टके असतात. दहावीनंतर ज्याचे वाचन आणि गणित सुटले, तो बुद्धिमान असूनही उंबरठ्यावरच राहतो. ज्याचे सुटले नाही, तो आत जातो. दोघांमध्ये फरक आहे तो एवढाच.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलगा दुकानात बसतो तर बसू द्या, घराला चार पैसे लागतात हे मला ठाऊक आहे. परंतु शाळेतून त्याचे नाव काढू नका. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विद्यापीठाच्या आवारात इलेक्ट्रॉनिक्स शिकविणारी 'नायलिट' ही केंद्र सरकारची संस्था आहे. पदवीनंतर पुण्यातील सी-डॅकमध्ये याच विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. शिष्यवृत्तीची चौकशी शिक्षकांकडे वेळेवर करा.

आणि मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. या कामाला जड अवजार लागत नाही, रात्रीबेरात्री शेडमध्ये उभे राहावे लागत नाही. एक साधा संगणक, इंटरनेट आणि एकाग्रता एवढेच लागते. आपल्या मुली दहावी-बारावीत मुलांच्या पुढे असतात आणि नंतर दिसेनाशा होतात. असे का होते, याचा विचार प्रत्येक अब्बाने आणि अम्मीने स्वतःच्या घरी करावा.

विद्यार्थ्यांना सांगावयाचे ते थोडक्यात सांगतो. सी ही भाषा शिका, कारण कर्नेल मुख्यतः तिच्यातच लिहिलेले आहे. दोनचे आकडे, म्हणजे शून्य आणि एक यांची पद्धत कागदावर गिरवा. शाळेतील जुन्या संगणकावर लिनक्स घाला, त्याला फार ताकद लागत नाही. मग आवाजाचा ड्रायव्हर लिहिण्याची घाई न करता प्रथम दुसऱ्याने लिहिलेला एक वाचा. ती खैराटची फाइलच घ्या. पहिल्या दिवशी दहा ओळी समजल्या तरी पुष्कळ. इंग्रजी शब्द अडला तर शब्दकोश पाहा, गुरुजींना विचारा. शिकताना कोणाची फाइल घेतली तर त्याचे नाव वर लिहा. ही चाल तुम्हांला त्या फाइलनेच घालून दिली आहे.

चिप बनते दूर देशी. ती विकत आणता येते. तिला बोलते करणारी विद्या मात्र विकत घेऊन बाळगता येत नाही, ती शिकावीच लागते. आपल्या संस्थेच्या वर्गांतून ती शिकणारी मुले आणि मुली निघोत, आणि एखाद्या फाइलच्या माथ्यावर पिशोरच्या विद्यार्थ्याचे नाव दिसो, अशी मी दुआ करतो.